रॉकचा सूर आणि जाहिरातीचे गणित

चंडीगड : येथील इंडस्ट्रियल एरियातील भूखंडांच्या व्यापारी वापराला २००५ च्या धोरणाने वाट करून दिली आणि कारखान्यांच्या रांगांत मोटारींची दालने, हॉटेले उभी राहिली. २०१३ मध्ये येथेच एलांते मॉल सुरू झाला. खासगी एफएम केंद्राची भिस्त अशाच स्थानिक जाहिरातदारांवर असते आणि त्यांना सर्व वयोगटांतील श्रोता हवा असतो. रॉक वा पर्यायी संगीताची ओळख सांगू पाहणाऱ्या केंद्राची वाट इथेच अडते.

प्रयोग झाले नाहीत, असे नव्हे. मुंबईत २००२ मध्ये आलेल्या ‘गो ९२.५’ने इंग्रजी बाणा धरला. पुढे त्याचे ‘रेडिओ वन’ झाले आणि सूर हिंदीकडे वळला. काही वर्षांनी तो पुन्हा इंग्रजीकडे आला, यातच या बाजाराची अस्थिरता दिसते. बंगळुरूत २००६ मध्ये सुरू झालेल्या आणि नंतर गोव्यातही पोहोचलेल्या ‘इंडिगो ९१.९’ची गोष्ट वेगळी. ज्या शहराने २००७ मध्ये आयर्न मेडन आणि २०११ मध्ये मेटॅलिका प्रत्यक्ष ऐकले, तेथे श्रोता आधीच तयार होता. केंद्राला तो घडवावा लागला नाही, फक्त ओळखावा लागला.

नियमांचा भागही मोठा आहे. दुसऱ्या टप्प्यात एका कंपनीला एका शहरात एकच वाहिनी घेता येत असे. एकुलती वाहिनी मूठभरांच्या आवडीवर कोण लावणार? तिसऱ्या टप्प्यात हे बंधन सैल झाले. २०१५ च्या लिलावानंतर मोठ्या शहरांत दुसऱ्या वाहिन्या आल्या. मात्र ‘रेडिओ नशा’सारख्या वाहिनीने जुन्या हिंदी चित्रपटगीतांचीच कास धरली. रॉकच्या वाट्याला ही मोकळीक फारशी आली नाही.

चंडीगडपुरते पाहिल्यास इंग्रजी रॉकचा आग्रह कदाचित चुकीच्या दिशेचा ठरेल. रब्बी शेरगिल यांचे ‘बुल्ला की जाना’ २००४ च्या अल्बममधून आले. बुल्लेशाहांची पंजाबी काव्यपरंपरा आणि गिटार यांचा तो मेळ चित्रपटाच्या आधाराविना देशभर पोहोचला. या शहराच्या केंद्राला ओळख घडवायची असेल, तर सामग्री पंजाबीतच आहे. रोजचा ठरलेला तास, परिसरातील वाद्यवृंदांचे ध्वनिमुद्रण आणि संगीताची जाण असलेला निवेदक, एवढी गुंतवणूक मात्र हवी. तीच बहुधा सर्वांत आधी कापली जाते.

केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये २३४ नव्या शहरांतील ७३० वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. या शहरांसाठी वार्षिक परवाना शुल्क वस्तू व सेवा कर वगळून एकूण महसुलाच्या चार टक्के ठेवण्यात आले आहे. यादीत महाराष्ट्रातील लातूर, चंद्रपूर, यवतमाळही आहेत. तेथील पहिले केंद्र काय वाजवील, याचा अंदाज बांधणे अवघड नाही. दुसरे आणि तिसरे काय वाजवतील, हा खरा प्रश्न आहे.