बॅटरीची तब्येत मालकालाही कळू द्या

महिनाभर मुलीकडे परदेशात राहून परतलेले जोडपे सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये उतरते आणि विजेवरची गाडी उघडतच नाही. निघताना चार्ज ७० टक्के होता. तो गेला कुठे? कुठेच नाही. मोठी बॅटरी जवळपास होती तशीच आहे. मान टाकली आहे ती १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीने. दाराचे कुलूप, समोरचा पडदा, आतले संगणक आणि मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारे स्विच हे सारे या छोट्या बॅटरीवर चालते. ती मेली की धान्याने भरलेल्या कोठाराची किल्ली हरवल्यासारखी अवस्था होते. पेट्रोलच्या गाडीतही हीच बॅटरी असते आणि काही वर्षांनी ती बदलावी लागते, हे सगळ्यांना ठाऊक असते. विजेच्या गाडीत मात्र ती आहे, हेच कित्येक मालकांना ठाऊक नसते.

याला कारण शोरूममध्ये ऐकवले जाणारे एक वाक्य : ‘ईव्हीला मेंटेनन्सच नाही.’ ते निम्मे खरे आहे. इंजिन ऑइल नाही, स्पार्क प्लग नाही, क्लच नाही, सायलेन्सर नाही. सर्व्हिसिंगचे बिल खरोखरच कमी येते. पण खर्च कमी आणि निगा नको, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

टायरच घ्या. बॅटरीमुळे ही गाडी तिच्या पेट्रोल भावंडापेक्षा दोन-तीनशे किलोंनी सहज जड असते आणि पाय ठेवताच चाकांना पूर्ण जोर मिळतो. टायर लवकर झिजतात. हवा कमी असेल तर एका चार्जमध्ये मिळणारे अंतरही घटते. ब्रेकचे उलटे आहे. ते वापरून नव्हे, न वापरून बिघडतात. पाय उचलला की मोटरच गाडीचा वेग कमी करते आणि त्या ऊर्जेतून बॅटरी थोडी भरते, त्यामुळे ब्रेक पॅड वर्षानुवर्षे टिकतात. पण रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या, ओल्या हवेत वापरात नसलेल्या डिस्कवर गंज चढतो, कॅलिपरच्या पिना अडकतात. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, म्हणून ठरलेल्या मुदतीत ते बदलावेच लागते. त्यात एक गंमत अशी की बॅटरी शंभर टक्के भरून महाबळेश्वरहून घाट उतरायला लागले, तर परत येणारी वीज साठवायला जागाच नसते. मोटर हात वर करते आणि सगळा भार त्याच आळसावलेल्या ब्रेकवर येतो. घाटमाथ्यावर मुक्काम असेल तर चार्जिंग थोडे आधी थांबवणे शहाणपणाचे.

घरच्या चार्जिंगकडे तर कोणी देखभाल म्हणून पाहतच नाही. जुन्या इमारतीत अर्थिंग धड नसते. गाडी चार्जिंग नाकारते, ती आपल्या रक्षणासाठी. तेव्हा ‘काहीतरी जुगाड करून’ तिला फसवणारा इलेक्ट्रिशियन मोठा धोका मागे ठेवून जातो. प्लग हाताला चटका बसण्याइतका तापत असेल, तर आधी सॉकेट आणि वायरिंग तपासायला हवे. एक्स्टेन्शन बोर्डावर रात्रभर गाडी लावणे म्हणजे निव्वळ हट्ट. आणि पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी, वरून कितीही कोरडी दिसली तरी, तपासणीआधी चार्जिंगला लावू नये. बॅटरीची जलरोधक चाचणी साधारण मीटरभर पाण्यात अर्धा तास ठेवून होते. चिपळूणने २०२१ मध्ये पाहिला तसा, गाळ घेऊन येणारा पूर त्या चाचणीत धरलेला नसतो.

आता मुख्य अवयव. मोठी बॅटरी म्हणजे मालिकेत जोडलेले शंभरच्या आसपास सेल. दिंडी सर्वांत दमलेल्या वारकऱ्याच्या चालीने चालावी, तशी ही बॅटरी सर्वांत अशक्त सेलच्या मर्यादेत चालते. सेल दोन कारणांनी म्हातारे होतात, वापराने आणि नुसत्या वेळेने. काठोकाठ भरलेली बॅटरी आणि कडक ऊन ही जोडी सर्वांत वाईट. मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याला उघड्यावर, शंभर टक्के भरून आठवडाभर गाडी उभी ठेवणे म्हणजे तिचे वय हाताने वाढवणे. निकेल असलेल्या बॅटरीला रोज ८० टक्क्यांपर्यंतच भरा, असे सांगतात ते यासाठी. भारतातल्या बऱ्याच गाड्यांत मात्र लिथियम-आयर्न-फॉस्फेटची बॅटरी असते. तिचे व्होल्टेज चार्ज उतरताना फारसे बदलतच नाही, त्यामुळे गाडीच्या संगणकाचा हिशेब हळूहळू चुकत जातो. तो जुळावा म्हणून तिला अधूनमधून पूर्ण भरावे लागते. आपल्या गाडीत कोणती बॅटरी आहे हे न पाहता शेजाऱ्याचा सल्ला पाळणे, म्हणजे त्याची औषधाची चिठ्ठी घेऊन दुकानात जाणे.

पण मालकाने हे सगळे पाळले, तरी त्याचा उपयोग झाला की नाही हे त्याला कळणार कसे? पडद्यावर दिसतात ते किलोमीटर. तो अंदाज असतो. एसी, वेग, चढ आणि कालपर्यंतची चालवण्याची सवय यांवर तो रोज बदलतो. नवी असताना बॅटरीत जितकी वीज मावत होती तिच्या किती टक्के आज मावते, हा खरा आकडा. बहुतेक गाड्यांत तो मालकाला दिसत नाही.

तो दिसल्याने काय घडते याचे उदाहरण अमेरिकेतले आहे. निसान लीफच्या पहिल्या गाड्यांत बॅटरी थंड ठेवणारी द्रवाची यंत्रणा नव्हती, पण समोर बारा छोट्या पट्ट्या होत्या. त्या बॅटरीची उरलेली क्षमता दाखवत. २०१२ च्या उन्हाळ्यात ॲरिझोनाच्या वाळवंटी उष्णतेत मालकांच्या डोळ्यांदेखत पट्ट्या गळू लागल्या. लोकांनी आकडे एकत्र केले, प्रकरण न्यायालयात गेले आणि कंपनीने वॉरंटी वाढवली : पाच वर्षे किंवा ६० हजार मैलांच्या आत क्षमता नऊ पट्ट्यांखाली गेली, तर दुरुस्ती किंवा बदल. पट्ट्या नसत्या तर ‘उन्हाळ्यात असे होतेच, एसी कमी लावा’ एवढ्यावर बोळवण झाली असती.

आपल्याकडे बॅटरीला साधारण आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी मिळते. क्षमता ठरावीक टक्क्यांखाली गेली तर दावा करता येतो, आणि ती गेली की नाही हे ठरवते कंपनीचेच सर्व्हिस सेंटर. रुग्णाचा रिपोर्ट डॉक्टरने कपाटात ठेवावा आणि ‘तुम्ही ठीक आहात’ एवढेच सांगावे, तसे हे आहे. पेट्रोलच्या गाडीला धुराची तपासणी करून कागद बाळगावा लागतो. विजेच्या गाडीला त्यातून सूट आहे आणि ती योग्यच आहे, पण तिच्या सर्वांत महाग अवयवासाठी मालकाला मागता येईल असा कुठलाच कागद नाही.

कंपन्यांची बाजूही आहे. हा आकडा मोजमापागणिक थोडा हलतो, पहिल्या वर्षात जास्त उतरतो आणि मग संथ होतो. तो पाहून ग्राहक उगाच धास्तावेल, असे त्या म्हणतात. पण रक्तातली साखरही रोज हलते, म्हणून कोणी रिपोर्ट लपवत नाही. उलट द्रवाने थंड ठेवलेल्या आजच्या बॅटऱ्या लोकांना वाटते त्यापेक्षा चांगल्या टिकतात. आकडा दिसला तर भीती कमीच होईल. संयुक्त राष्ट्रांच्या मंचावर २०२२ मध्ये झालेल्या नियमावलीत क्षमतेची किमान पातळी पाच वर्षांनंतर ८० आणि आठ वर्षांनंतर ७० टक्के धरली आहे, आणि ही माहिती गाडीतच मालकाला दिसावी असेही म्हटले आहे. युरोपीय संघात फेब्रुवारी २०२७ पासून गाडीच्या प्रत्येक नव्या बॅटरीला डिजिटल पासपोर्ट लागणार आहे.

भारतात सर्वांत जास्त नड आहे ती जुन्या गाडीच्या गिऱ्हाइकाची. चार वर्षांची पेट्रोल गाडी घेताना ओळखीचा मेकॅनिक बॉनेट उघडून, आवाज ऐकून काहीतरी सांगतो. विजेच्या गाडीसमोर तोही गप्प असतो, आणि नारिंगी केबलना त्याने हात लावू नये हेच बरे, कारण त्यांत साडेतीनशे व्होल्टच्या आसपास वीज असते. मग जपून वापरलेली गाडी आणि उन्हात भाजून काढलेली गाडी एकाच भावाने विकली जाते. निगा राखणाऱ्याच्या हाती काही पडत नाही. खरे तर हा आकडा प्रत्येक गाडीच्या संगणकात आजही असतो आणि सर्व्हिसिंगला लॅपटॉप जोडला की तंत्रज्ञाला दिसतो. वाहतूक मंत्रालयाने तो दर सर्व्हिसिंगच्या बिलावर छापायला सांगितला, तर कंपनीचा खर्च होईल एका ओळीच्या शाईचा.