सर्वनामांचे खापर पश्चिमेच्या माथी

मुलाने स्वतःसाठी ‘तो’ऐवजी ‘ती’ किंवा ‘ती’ऐवजी ‘तो’ निवडले, की एक ठरावीक आक्षेप पुढे येतो: सर्वनामांचे हे खूळ परदेशातून आले. आक्षेप घेणाऱ्यांनी मराठीच्या व्याकरणाकडे मात्र पाहिलेले नसते. इंग्रजी बोलणाऱ्या मुलाला स्वतःविषयी बोलताना लिंग सांगावे लागत नाही. मराठी मुलाला ‘मी जेवतो’ किंवा ‘मी जेवते’ यांपैकी एक निवडल्यावाचून साधे वाक्यही पुरे करता येत नाही. हिंदीत सर्वनाम मौन पाळते, पण क्रियापद बोलून जाते. बंगालीत दोन्ही मौन पाळतात. कोलकात्यातील मूल व्याकरणापुरते तरी ज्या प्रश्नातून मोकळे असते, तो प्रश्न पुण्यातील मुलापुढे दिवसातून शंभरदा उभा राहतो. (कोल्हापूरकडच्या मुली ‘मी आलो’ म्हणतात, कित्येक घरांत आई लेकीला ‘काय रे बाळा’ म्हणते, त्याने संस्कृती बुडाल्याचे ऐकिवात नाही.)

दुसरा आक्षेप विज्ञानाचा आव आणतो. मुलाला हव्या त्या नावाने हाक मारणे म्हणजे त्याला औषधांच्या वाटेला लावणे, असे तो सांगतो. येथे दोन निराळ्या गोष्टींची सरमिसळ होते. वयात येण्यापूर्वीच्या मुलाला या कारणासाठी संप्रेरके द्यावीत, असे कोणतीही मान्यताप्राप्त वैद्यकीय मार्गदर्शिका सांगत नाही. त्या वयात प्रश्न असतो तो नावाचा, केसांचा, कपड्यांचा. आणि कापलेले केस पुन्हा वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये स्वीकारलेल्या आणि २०२२पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात लिंगभाव-विसंगती मानसिक विकारांच्या प्रकरणातून बाहेर काढली आहे. शिवाय केवळ वेगळे वागणे वा वेगळी आवड यांवरून निदान करू नये, असे तेथे स्पष्ट नोंदवले आहे. मुलगा बाहुल्यांशी खेळतो म्हणून घाबरणाऱ्या आणि त्याच कारणाने घाईने निष्कर्ष काढणाऱ्या, अशा दोन्ही पालकांना हे वाक्य लागू पडते.

ब्रिटनमधील कॅस अहवालाचा (एप्रिल २०२४) दाखला हल्ली वारंवार दिला जातो. तो बाजूला सारण्याचे कारण नाही. यौवनारंभ रोखणाऱ्या औषधांविषयीचा पुरावा दुबळा असल्याचे तो म्हणतो आणि लहान मुलांच्या सामाजिक बदलातही सावधगिरी सुचवतो. परंतु सावधगिरी म्हणजे मुलासाठी सारे मार्ग खुले ठेवणे. थट्टा, मार आणि ‘उपचारा’साठी कोणा बाबाकडे नेणे यांना तो अहवाल कोठेही आधार देत नाही. उलट, २०१८च्या एका अमेरिकी अभ्यासात १२९ तरुणांपैकी ज्यांना घर, शाळा, काम आणि मित्रमंडळ यांतील अधिकाधिक ठिकाणी निवडलेल्या नावाने हाक मारली जाई, त्यांच्यात नैराश्य आणि आत्महत्येचे विचार कमी आढळले. नमुना लहान आहे, आणि सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. तरीही पुराव्याचा हट्ट धरणाऱ्यांनी हिणवण्याने मूल ‘सुधारते’ याचा पुरावाही मागावा. मद्रास उच्च न्यायालयाने २०२१मध्ये अशा ‘सुधारणे’च्या उपचारांना मनाई केली, पुढच्याच वर्षी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ते व्यावसायिक गैरवर्तन ठरवले.

‘हा एक टप्पा आहे, जाईल’ असेही म्हटले जाते. जाईलही. टप्पा असेल तर हाकेने तो कायमचा होत नाही; नसेल तर हाक नाकारल्याने मिटत नाही. दोन्ही प्रसंगी मुलाला ऐकणारे माणूसच लागते.

या देशात असे माणूस घडवण्याचा एक प्रयत्न झाला होता. तृतीयपंथी मुलांना शाळेत कसे सामावून घ्यावे, याविषयीची शिक्षक-प्रशिक्षण पुस्तिका एनसीईआरटीने २०२१मध्ये प्रसिद्ध केली. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने हरकत घेताच नोव्हेंबरमध्ये ती संकेतस्थळावरून नाहीशी झाली. अशा मुलांना भेदभावाविना शिक्षण देण्याचे बंधन घालणारा २०१९चा कायदा तेव्हा लागू होता. २०११च्या जनगणनेत ‘इतर’ या रकान्यात ४,८७,८०३ व्यक्तींची नोंद झाली; त्यांपैकी ५४,८५४ बालके सहा वर्षांपर्यंतची होती. त्यांत जन्मतः आंतरलिंगी शरीराची बालकेही असणार. पण ती नोंद कोणा परदेशी संस्थेने केली नव्हती. दारात आलेल्या प्रगणकाला घरच्यांनीच सांगितले होते. पुस्तिका मागे घेतली गेली त्या वर्षी ही बालके दहा ते सोळा वर्षांची होती.