बायोसचा पासवर्ड कुणाच्या खिशात?

दोस्तांनो, आज ढगाबद्दल बोलायचंय. आभाळातल्या नाही. कॉलेजात फी घेऊन शिकवतात त्या.

‘सर्व्हर व्हर्च्युअलायझेशन आणि क्लाउड कम्प्युटिंग’ असं विषयाचं लांबलचक नाव. शेवटच्या वर्षाला हा घेतला की नोकरी पक्की, असं अ‍ॅडमिशनच्या टेबलावरचा साहेब सांगतो. आमची पोरं घेतात. बाप नाक्यावर मजुरीसाठी उभा, आई चार घरची भांडी घासते, आणि पोरगं क्लाउड शिकतं. वस्तीत सांगायला बरं वाटतं. मीही घेतला, मीही चारचौघांत सांगितलं. वर्षभरात काय पदरात पडलं ते आता नागडं करून मांडतो. कुणाला झोंबलं तर झोंबू द्या.

पहिलं प्रॅक्टिकल. लॅबमध्ये तीस मशीनं. सर म्हणाले, व्हर्च्युअलबॉक्स उघडा, आत नवं मशीन बनवा, चालू करा. तीसच्या तीस पडद्यांवर एकच पाटी : बायोसमध्ये व्हीटी-एक्स बंद आहे. व्हीटी-एक्स म्हणजे इंटेलच्या चिपमधली सोय, एका मशीनच्या पोटात दुसरं मशीन चालवायची. ती चालू करायला बायोसमध्ये शिरायचं आणि एक ओळ बदलायची. दोन मिनिटांचं काम. पण बायोसला पासवर्ड. तो कुणाकडे? लॅब असिस्टंट म्हणाला, ठेकेदाराकडे. ठेकेदार बदललेला. सर म्हणाले, “पोरं खेळ करतात, म्हणून लॉक केलंय. घरी लॅपटॉपवर करून या, स्क्रीनशॉट जर्नलला चिकटवा.”

घरी लॅपटॉप! दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं झोपतात, फ्रीशिपवर शिकणाऱ्या पोराला साहेब लॅपटॉप विचारतात, आणि तेही असं की जणू घरी पाणी पिऊन ये म्हणावं. मग काय झालं? ज्यांच्याकडे होता त्यांच्यातल्या एकाचे स्क्रीनशॉट पेनड्राइव्हवरून वर्गभर फिरले. चाळीस जर्नलांत एकाच मशीनचं चित्र, कोपऱ्यात एकाच पोराचं नाव. सरांनी चाळीस ठिकाणी सही ठोकली. एकाची चाळीस झाली. वर्षभरात आम्ही पाहिलेलं व्हर्च्युअलायझेशन एवढंच.

राग त्या सरांवर नाही. तेही तासिका तत्त्वावर, पगार दिवाळीला मिळाला तर मिळाला. राग या गोष्टीवर की या विषयाचा जन्मच टंचाईतून झालाय, आणि टंचाईचं कारण सांगूनच तो आमच्यापासून लांब ठेवतात.

नोट्समध्ये नाही म्हणून इथे लिहितो. साठच्या दशकात अमेरिकेत केंब्रिज नावाच्या गावी आयबीएमची एक छोटी तुकडी काम करत होती. मशीन महाग, वापरणारे अनेक. त्यांनी १९६७ च्या सुमाराला सीपी-४० आणि सीपी-६७ हे प्रोग्रॅम उभे केले. मशीन एकच, पण प्रत्येकाला वाटावं की अख्खं मशीन आपलंच आहे. १९७२ मध्ये आयबीएमने तेच व्हीएम/३७० या नावाने गिऱ्हाइकांना दिलं. १९७४ मध्ये पोपेक आणि गोल्डबर्ग या दोघांनी नियम मांडले : आतल्या प्रोग्रॅमला खऱ्या मशीनवर चालल्यासारखंच वाटलं पाहिजे, बहुतेक काम थेट चिपवर वेगात झालं पाहिजे, आणि सगळ्या साधनांचा ताबा वरच्या रखवालदाराकडे राहिला पाहिजे. हा रखवालदार म्हणजेच हायपरवायझर. आतला प्रोग्रॅम मशीनच्या मर्माला हात घालायला गेला की चिपने त्याला अडवायचं आणि रखवालदाराच्या हवाली करायचं.

आपल्या टेबलावरच्या साध्या चिपांत गोची इथेच होती. त्यांतल्या काही आज्ञा अडवल्याच जात नसत. चूक दाखवत नसत, गपचूप भलतंच करून मोकळ्या. म्हणून कित्येक वर्षं लोक म्हणत, या चिपवर हे धड जमायचं नाही. १९९८ मध्ये निघालेल्या व्हीएमवेअरने ते जमवलं : नडणाऱ्या आज्ञा चालता चालता बदलून टाकायच्या. पुढे २००५ मध्ये इंटेलने आणि २००६ मध्ये एएमडीने अडवायची सोय थेट चिपमध्येच घातली.

तीच ती ओळ, दोस्तांनो. चाळीस वर्षं माणसांनी डोकं फोडलं, त्याचं फळ आमच्या लॅबच्या तीसही चिपांत येऊन पडलंय, आणि त्यावर कुलूप. आज्याला सांगितलं, अक्षराला हात लावायचा नाही. नातवाला सांगतात, बायोसला हात लावायचा नाही. भाषा तेवढी सुधारली.

यातलं काहीच शिकवलं नाही. शिकवलं काय? ‘व्हर्च्युअलायझेशनचे फायदे लिहा’, पाच मार्क. एका कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये डावीकडून तिसरं बटण कोणतं, तेही चित्रावरून. ती कंपनी व्हीएमवेअरच. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने ती विकत घेतली आणि डिसेंबरात एकदाच पैसे भरून कायमचं मिळणारं लायसन्स विकणं बंद केलं, आता भाडं भरत राहा. फेब्रुवारी २०२४ मध्ये फुकटचा हायपरवायझर गेला, एप्रिल २०२५ मध्ये परत आला. मालकाच्या मनाला आलं की दार उघडं, मनाला आलं की बंद. ज्यांनी नुसती बटणं पाठ केली त्यांचं शिक्षण त्या दारापाशी अडलं. ज्यांना आतलं कळत होतं ते दुसरं हत्यार उचलून कामाला लागले.

दुसरं हत्यार आहे आणि फुकट आहे. झेन, २००३ पासून, इंग्लंडातल्या केंब्रिज विद्यापीठातून आलेलं. केव्हीएम, २००७ पासून लिनक्सच्या पोटातच. सगळा कोड उघडा, कुणीही वाचावा. अ‍ॅमेझॉनने २००६ मध्ये भाड्याची मशीनं द्यायला सुरुवात केली ती याच झेनवर. २०१७ पासून त्यांची नवी मशीनं केव्हीएमच्या पायावर आहेत. गूगलचा क्लाउडही केव्हीएमवर. जगातले सगळ्यात मोठे शेठ ज्या फुकट कोडावर धंदा करतात तो कोड आमच्या अभ्यासक्रमात एका ओळीचा मानकरी : ‘ओपन सोर्सची दोन उदाहरणे द्या.’

आणि क्लाउडचं प्रॅक्टिकल? खातं उघडायला कार्ड पाहिजे. सर म्हणतात, वडलांचं क्रेडिट कार्ड वापरा. बापाकडे रेशन कार्ड आहे, चालेल का, असं मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. म्हणणारा हसला नाही.

परीक्षेत मात्र एक व्याख्या हमखास येते. अमेरिकेच्या निस्ट या मानकसंस्थेची, २०११ ची. क्लाउडची पाच लक्षणं. त्यातलं एक असं की गर्दी वाढली की साधनं झटक्यात वाढावीत, ओसरली की कमी व्हावीत. हे लिहून मी पूर्ण मार्क मिळवले आणि त्याच आठवड्यात स्कॉलरशिपचा फॉर्म भरायला सायबर कॅफेत रात्री दोनपर्यंत बसलो. शेवटची तारीख, सर्व्हर डाउन. गर्दी कधी होणार हे ज्यांना महिनाभर आधी ठाऊक, त्यांना चार मशीनं वाढवता येत नव्हती? ज्या विद्येचा उपयोग पहिला इथे व्हावा, ती इथे येईपर्यंत सुट्टीवर जाते काय?

त्याच व्याख्येत असंही आहे की आपलं काम नेमक्या कुठल्या ठिकाणच्या मशीनवर चाललंय हे गिऱ्हाइकाला सहसा ठाऊक नसतं. मला ठाऊक आहे. माझा मामा अशा एका इमारतीच्या गेटवर सिक्युरिटीत आहे. महापे, एमआयडीसी. नाव लिहीत नाही, त्याची भाकर आहे. खिडक्या नसलेली इमारत, रात्रंदिवस घरघर. आत मशीनं तापतात म्हणून गारवा करणारी यंत्रं. वीज गेली तर एक क्षणही चालत नाही म्हणून जनरेटर, डिझेलचे टँकर. मामाची ड्युटी बारा तास, ठेकेदाराचा माणूस, गेटच्या केबिनमध्ये पंखा गरम हवा फेकतो. त्याला क्लाउड म्हणजे काय ते सांगायला गेलो तर म्हणाला, “ढग कसला रे, कारखानाच आहे तो. फक्त धूर नाही दिसत.” आमच्या पाठ्यपुस्तकाच्या लेखकापेक्षा मामाची व्याख्या मला जवळची वाटते. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुण्यात आणि अ‍ॅमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत ढग आणला म्हणतात, तो असाच जमिनीवर आहे. आत शिरणारा इंजिनियर कोण, आणि गेटवर, झाडूवर, टँकरवर कोण, हे डोळे उघडे असणाऱ्याला सांगायला नको.

आता काही शहाणे म्हणतील, नोकरी पाहिजे तर कंपनीचं सर्टिफिकेट लागतंच. घ्या ना. भाकरीसाठी बटणंही शिका, मी नको म्हणत नाही. पण बटणावरच अडलात तर आयुष्यभर रात्रपाळीत दुसऱ्याचे पासवर्ड रिसेट करत बसाल, आणि वरचा साहेब म्हणेल, यांची झेपच तेवढी.

आम्ही आठ जणांनी वर्गणी काढून लॅमिंग्टन रोडवरून एक जुनं मशीन आणलंय. आठ जीबी रॅम. बायोस आम्हीच उघडला. लिनक्स टाकलं, केव्हीएम चालू केलं, आत एक-एक जीबीची चार मशीनं उभी आहेत. एकावर वेबसाइट, एकावर डेटाबेस, दोन मोडतोडीसाठी. मागच्या रविवारी एका पोरीने मुद्दाम एक मशीन पाडलं आणि बाकीची तीन कशी हलली नाहीत ते दाखवलं. वर्षभराच्या नोट्समध्ये जे कळलं नव्हतं ते दहा मिनिटांत कळलं. वस्तीतल्या अभ्यासिकेत दर रविवारी संध्याकाळी सातला बसतो. नोट्स मराठीत आहेत, अजून अर्ध्या कच्च्या.

कॉलेजात अर्ज तीनदा दिला. मागणं एवढंच : बायोसचा पासवर्ड फोडा, व्हीटी-एक्स चालू करा, लॅब संध्याकाळी आठपर्यंत उघडी ठेवा, कार्ड नसलेल्याचं प्रॅक्टिकल लॅबमध्येच घ्या. तिन्ही वेळा ‘पाहतो’ म्हणाले. सोमवारी अकराला चौथ्यांदा प्रिन्सिपॉलच्या केबिनला जातोय. मागच्या वेळी पाच जण होतो, शिपायाने बाहेरच बसवलं. या वेळी पन्नास पाहिजेत. जर्नल सोबत आणा, ती चाळीसच्या चाळीस. एकाच मशीनची चित्रं टेबलावर मांडायची आहेत.