वही कुणाच्या हातात होती?

जॉश गिब्सनने होम रन मारले किती? कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये १९७२ साली लावलेली पाटी म्हणते, जवळजवळ ८००. अमेरिकेच्या मेजर लीगने २०२४ च्या मे महिन्यात काळ्यांच्या लीगचे आकडे आपल्या वहीत घेतले, त्यात तेच होम रन दोनशेसुद्धा भरत नाहीत. माणूस तोच, बॅट तीच. मग बाकीचे सहाशे चेंडू गेले कुठं?

दोस्तहो, ते गेले कुंपणापलीकडे, जिथं जायला हवे होते तिथंच. मोजणारा तिथं नव्हता.

१८८४ साली मोझेस फ्लीटवुड वॉकर हा काळा कॅचर टोलेडोकडून मेजर लीगमध्ये खेळला. नंतर दार बंद झालं ते १९४७ पर्यंत. गंमत अशी की बंदीचा नियम मेजर लीगच्या कुठल्याच पुस्तकात नव्हता. मालकलोकांचा म्हणे आपसातला 'सभ्य गृहस्थांचा करार' होता. सभ्य गृहस्थ असले करार कागदावर करत नसतात, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

१९२० साली रूब फॉस्टरने कॅन्सस सिटीत निग्रो नॅशनल लीग उभी केली. पण लीगच्या मोजक्या सामन्यांवर पोट भरत नव्हतं. म्हणून बसमध्ये बसायचं आणि गावोगाव हिंडायचं. गावच्या टीमशी खेळा, कारखान्याच्या टीमशी खेळा, एका दिवसात दोन-दोन सामने खेळा. हॉटेलवाला खोली देत नाही? झोपा बसमध्येच. तिथं मारलेले होम रन आज कुठल्याच अधिकृत हिशेबात नाहीत. गोऱ्या दैनिकांना त्यांचं सोयरसुतक नव्हतं. पिट्सबर्ग कुरिअर, शिकागो डिफेंडर असली काळ्यांची साप्ताहिकं हाती येईल ते धावपत्रक छापायची. पुढं संशोधकांनी वर्षानुवर्षं ती पिवळी पडलेली पानं चाळली, म्हणून निदान एवढे तरी आकडे उभे राहिले. 'तुमचे अंक वाचतो कोण?' असं विचारणाऱ्या शहाण्यांनी हे जरा ध्यानात ठेवावं.

आणि मैदान कुणाचं? वॉशिंग्टनच्या गोऱ्या टीमचा मालक क्लार्क ग्रिफिथ गिब्सनच्या होमस्टेड ग्रेजला स्टेडियम भाड्यानं द्यायचा. भाडं चालत होतं, भाडेकरू टीममध्ये चालत नव्हता!

आता नव्या वहीत गिब्सनची कारकिर्दीतली सरासरी ०.३७२ आहे. टाय कॉब मागं पडला. लगेच कुरकूर सुरू झाली: सामने थोडे, त्याला रेकॉर्ड कसला? वा रे वा! सामने थोडे केले कुणी? त्यातही खोच बघा. अर्धवट कागदांवरून सरासरी काढता येते, गोळाबेरीज काढता येत नाही. म्हणून सरासरीत गिब्सन पहिला आणि होम रनच्या यादीत कुठंतरी खाली. आम्ही ८०० चा हट्ट धरत नाही. आमचं म्हणणं बेब रूथच्या ७१४ बद्दल आहे.

१९६१ साली रॉजर मॅरिस रूथचा एका मोसमातला ६० चा विक्रम मोडायला निघाला. तेव्हा कमिशनर फोर्ड फ्रिकने फर्मान काढलं: रूथच्या वेळी सामने १५४ होते, आता १६२, त्या आठ जादा सामन्यांत विक्रम मोडला तर नोंद वेगळी होईल. आठ सामन्यांचा एवढा काटेकोर हिशेब! आणि रूथला मेजर लीगच्या उभ्या कारकिर्दीत एकाही काळ्या पिचरसमोर उभं राहावं लागलं नाही, त्याची तळटीप? ती कुणाला सुचली नाही. ७१४ हा आकडासुद्धा वेगळ्या पंगतीतलाच आकडा आहे. तसं तिथं लिहा.

हा आकडा मोडणारा हँक ॲरन १९५२ साली इंडियानापोलिस क्लाउन्स या काळ्या टीममधून पुढं आला. वॉशिंग्टनच्या एका हॉटेलात ही पोरं जेवून उठली आणि आतून ताटल्या फोडल्याचे आवाज आले. त्यांनी खाल्लेल्या ताटल्या. ही हकीकत ॲरननेच सांगितली आहे. पुढं तो रूथच्या जवळ पोचला तेव्हा १९७३ या एका वर्षात त्याला नऊ लाखांवर पत्रं आली. त्यात शिव्या होत्या, जिवे मारण्याच्या धमक्या होत्या. ८ एप्रिल १९७४ ला अटलांटात त्यानं ७१५ वा मारला आणि ७५५ वर थांबला. क्लाउन्सकडून मारलेले त्यात नाहीत, कारण मेजर लीगनं मान्यतेची रेघ १९४८ वर ओढली आहे. रेघ ओढायचा अधिकार अजून त्यांच्याचकडे!

गिब्सन २० जानेवारी १९४७ ला मेला, पस्तिसाव्या वर्षी. जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनकडून मैदानात उतरला तो १५ एप्रिलला. गिब्सनच्या कबरीवर १९७५ पर्यंत नावाचा दगडसुद्धा नव्हता. कूपर्सटाउनची पाटी त्याच्या तीन वर्षं आधी लागली होती.