नकळत मळ गळतो? लपवू नका, डॉक्टरांना सांगा

शौचावरचा ताबा सुटला की माणूस आधी गप्प होतो. मग लग्नकार्याला जाणं बंद होतं, एसटीचा प्रवास टळतो, देवळात चार माणसांत बसणंही नको वाटतं. घरचे म्हणतात, वय झालं. कळकळीची विनंती आहे, हे वयावर ढकलू नका. हा आजार आहे, त्याची तपासणी होते आणि बहुतेकांना उपचारांनी फरक पडतो.

दवाखान्यात ‘जुलाब होतात’ एवढंच सांगून परतू नका. ‘कळायच्या आत कपड्यांत होतं’ असं स्पष्ट सांगा. अंथरुणाला खिळलेल्या आजी-आजोबांच्या गुदाशयात पुष्कळदा मळाचा खडा अडकतो आणि त्याच्या कडेने पातळ मळ झिरपत राहतो. घरच्यांना ते जुलाबच वाटतात. मग मेडिकलमधून जुलाब थांबवायची गोळी आणली जाते आणि खडा आणखी घट्ट होतो. डॉक्टरांनी हातमोजा घालून बोटाने तपासलं, तर बहुतेक वेळा हे तिथल्या तिथे कळतं. त्या तपासणीला लाजून नकार देऊ नका.

आयाबहिणींनो, बाळंतपणात गुदद्वार आवळून धरणारा स्नायू फाटू शकतो. चिमटा लावला असेल किंवा बाळ वजनदार असेल, तर जास्तच. त्रास कधी लगेच सुरू होतो, कधी पाळी गेल्यावर. म्हणून वीस-तीस वर्षांपूर्वीचे टाकेही डॉक्टरांना सांगा. वारा आवरत नसेल, तर तेही सांगा. योनीमार्गातून मळ येत असेल, तर दिवस घालवू नका. मधुमेह असेल किंवा मूळव्याध-भगंदराचं ऑपरेशन झालं असेल, तर तेही सांगायचं राहू देऊ नका.

स्नायू कुठे फाटला आहे ते गुदद्वाराच्या सोनोग्राफीत दिसतं, त्याची ताकद मॅनोमेट्रीत मोजता येते. सगळ्यांना एवढं लागत नाही. आहारात बदल, इसबगोल, डॉक्टरांनी ठरवलेल्या गोळ्या आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम यांनीच पुष्कळांना आराम पडतो. व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून नीट शिकून घ्या आणि आठवड्यात सोडू नका. गुण यायला काही महिने लागतात. त्यानेही भागलं नाही, तर बायोफीडबॅक (यंत्राच्या मदतीने स्नायूंवर ताबा मिळवायला शिकणं) आणि शस्त्रक्रिया आहेत.

मळातून रक्त जात असेल किंवा वजन उतरत असेल, तर याच आठवड्यात दाखवा. आणि कंबरदुखीबरोबर ताबा अचानक सुटला, जांघा बधिर झाल्या, पायांतली शक्ती गेली किंवा लघवी अडली, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच मोठं रुग्णालय गाठा.