हात वर करा!

परवा चुलतबहिणीचा मेसेज आला. सोबत पीडीएफ. 'स्टुडंट कल्चरल टूर : चायना, सात रात्री, आठ दिवस.' खाली प्रश्न : 'ताई, तू गेली होतीस ना? जाऊ का? पप्पांना कन्व्हिन्स कर ना, प्लीज!'

पीडीएफ उघडली आणि हसूच आलं. २०१९ च्या मे महिन्यात, टीवायची परीक्षा संपल्यावर आमच्या हातात जो कागद पडला होता त्याची सेम टू सेम झेरॉक्स! बीजिंग, शिआन, शांघाय. २०२० मध्ये भारत-चीन थेट विमानं बंद झाली, ती ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. मधे केवढं रामायण घडून गेलं, पण टूरवाल्यांची आयटिनररी तश्शीच. चौथ्या दिवसावर आले. 'सकाळी टेंपल ऑफ हेवन, दुपारी शॉपिंग ॲट लीझर.'

तिथे मात्र हसू थांबलं.

आम्ही चोवीस जण, एक सर आणि एक मॅडम. सगळे मीडियावाले, म्हणजे कॅमेरे चोवीस आणि मतं अठ्ठेचाळीस. बॅगांमध्ये ठेपले, मेतकूट आणि कप नूडल्स. (चीनमध्ये पाणी मागितलं की गरम पाणी मिळतं, बॉस. स्टेशनवर, ट्रेनमध्ये, सगळीकडे. कप नूडल्सवाल्यांसाठी स्वर्ग!) माझी रूममेट होती सोलापूरची. होस्टेलवर आल्या दिवशी तिने ट्रंकेतून चार सोलापुरी चादरी काढल्या होत्या, तेव्हापासून तिचं नाव पडलं चादर. तेच नाव इथेही चालवते, तिची हरकत नसणार.

बीजिंगचे पहिले तीन दिवस फुल टू धमाल. फॉरबिडन सिटी १४२० मध्ये बांधून झाली आणि मग जवळपास पाच शतकं चीनचे चोवीस सम्राट तिथे राहिले. एका अंगणातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, संपतच नाही. ग्रेट वॉल बघायला मुतियान्यूला गेलो. वर पाळण्यातून जायचं आणि खाली चक्क घसरगाडीवरून यायचं! 'ही भिंत चंद्रावरून दिसते' असं आमच्यातल्या एकाने छातीठोकपणे सांगितलं. गाइड मुलगी शांतपणे म्हणाली, '२००३ मध्ये आमचा पहिला अंतराळवीर यांग लिवेई वर गेला, त्याला काही दिसली नाही.' अंतराळाचा विषय तिथेच संपला.

चादर मात्र पहिल्या दिवसापासून त्या गाइडच्या मागे लागली होती. 'कोटणीस? डॉक्टर कोटणीस?' गाइड नुसती गोड हसायची. शेवटी चादरने पर्समधून घडी घातलेला कागद काढला. त्यावर तीन चिनी अक्षरं. ती बघून गाइड ओरडलीच, 'के दिहुआ!' म्हणजे माणूस माहीत होता, फक्त तिथल्या नावाने.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस. जन्म सोलापूरचा, १९१० चा. मुंबईच्या जी. एस. मेडिकलमधून डॉक्टर झाले आणि १९३८ मध्ये, जपानशी युद्ध चालू असताना, काँग्रेसने पाठवलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. बाकीचे चौघे परतले, हे राहिले. डॉ. नॉर्मन बेथ्यून या कॅनेडियन सर्जनच्या नावाने तिथे हॉस्पिटल निघालं, त्याचे कोटणीस पहिले संचालक. तिथल्याच क्वो चिंगलान नावाच्या नर्सशी लग्न केलं. मुलगा झाला, त्याचं नाव यिनहुआ. 'यिन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन. मुलगा चार महिन्यांचा असेल-नसेल, डिसेंबर १९४२ मध्ये कोटणीस गेले. वय बत्तीस. व्ही. शांतारामांचा १९४६ चा सिनेमा आपण ऐकून असतो, पाहिलेला कोणीच नसतो. मीही नव्हता.

त्यांची समाधी शिच्याच्वांग नावाच्या शहरात आहे. बीजिंगपासून २८० किलोमीटर, म्हणजे हायस्पीड ट्रेनने जेमतेम दीड तास. चादरचे आजोबा सोलापूरच्या मिलमध्ये होते. कोटणिसांचं घर त्यांच्या रोजच्या वाटेवर. त्यांनी नातीच्या हातात एक सोलापुरी नॅपकिन दिला होता, नवाकोरा. 'तिथे ठेवून ये.' बस, एवढंच.

हे सगळं तिने मला विमानातच सांगितलं होतं. आणि मी तिला म्हटलं होतं, 'टेन्शन नको घेऊ. मी आहे ना तुझ्यासोबत.'

तिसऱ्या रात्री हॉटेलच्या लॉबीत मीटिंग. सरांचं टेन्शन खरं होतं. आमचा ग्रुप व्हिसा. सगळ्यांची नावं एकाच कागदावर. देशात शिरायचं एकत्र, बाहेर पडायचं एकत्र. एखादा कुठे अडकला तर सगळी वरात अडकणार. त्यात चौथ्या दिवशी रात्री शिआनची ट्रेन. सर म्हणाले, 'जायचं तर सगळे जाऊ, नाहीतर कोणीच नाही. शिच्याच्वांग की मार्केट? लोकशाही आहे. शिच्याच्वांगवाले, हात वर करा!'

चादरचा हात वर गेला. एकटीचा.

मी तिच्या शेजारीच बसले होते. काय सांगू? त्या पाचमजली मार्केटबद्दल आम्ही घरून निघाल्यापासून बोलत होतो. दादाला घड्याळ, आईला पर्ल सेट आणि मला ती बॅग. आणि खरं सांगायचं तर तेवीस जणांसमोर 'पकाऊ' ठरायची भीती. माझा हात मांडीवरून हललाच नाही. ती माझ्याकडे बघत होती की नाही, हेसुद्धा मला माहीत नाही, कारण मी फोनमध्ये बघत होते. आणि फोनमध्ये तर काहीच नव्हतं, तिथे धड गूगलही चालत नव्हतं!

मॅडम मग उठल्या. तोवर त्या काहीच बोलल्या नव्हत्या. 'मी नेते हिला. साडेचारला परत. जबाबदारी माझी.' सरांनी दहा सूचना दिल्या आणि हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी साडेचारशे युआनची बॅग शंभरात आणली. ग्रुपमध्ये सॉलिड कौतुक. शांघायला तिची चेन तुटली.

त्या दोघी पावणेपाचला आल्या. (ती पंधरा मिनिटं सरांनी कशी काढली, विचारू नका.) चादर थोडक्यात बोलली. मोठं उद्यान आहे, एका बाजूला बेथ्यून, दुसऱ्या बाजूला कोटणीस. पुतळा आहे. सकाळी व्यायामाला आलेल्या एका आजींनी 'यिंदू?' असं विचारलं. यिंदू म्हणजे भारत. तिने मान हलवल्यावर आजींनी तिचा हात धरला आणि बराच वेळ चिनीत काहीतरी बोलल्या. हिला एक अक्षर कळलं नाही. नॅपकिन मात्र गार्डने ठेवू दिला नाही. फुलं चालतील, कापड नाही. तिने पाच मिनिटं तो समाधीवर टेकवला, फोटो काढला आणि परत बॅगेत टाकला.

मी विचारलं, 'वाईट वाटलं का गं?' ती म्हणाली, 'गार्डचं? छे.'

दोन दिवसांनी शिआनमध्ये बिग वाइल्ड गूज पॅगोड्यासमोर उभे होतो. भारतातून ह्युएनत्संगाने नेलेल्या ग्रंथांसाठी ६५२ मध्ये बांधलेला मनोरा. तो आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेला, पुलकेशीच्या काळात, हे सरांनी सांगितलं. इथल्या लोकांबद्दल त्याने लिहून ठेवलंय की ते उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत. सगळे 'एऽऽ जय महाराष्ट्र' करत हसले. चादरसुद्धा. मी पॅगोड्याचे मजले मोजत राहिले. सात आहेत.

टेराकोटा आर्मी? बघाच. १९७४ मध्ये विहीर खणताना शेतकऱ्यांना सापडलेलं सैन्य, हजारो चेहरे, कुठल्याही फोटोत मावत नाही. शांघायबद्दल मात्र माझ्याकडे फक्त उंच इमारतींचे फोटो आहेत.

तर बहिणीला काय सांगू? काका तयार होतील, ते माझ्यावर सोडलं. पण मला ती तीन अक्षरं हवी होती, म्हणून चादरला फोन केला. बऱ्याच महिन्यांनी. ती आता सोलापुरातच असते.

'तुला कशाला हवीत? तुझी तर शॉपिंग असते!' ती खो खो हसली. मीही हसले, पण जरा उशिरा. मग म्हटलं, 'त्या रात्री मी हात वर करायला हवा होता.'

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. 'माहितीय,' ती म्हणाली. 'थांब, अक्षरं पाठवते. आणि तिला सांग, नॅपकिन नको नेऊ म्हणावं. फुलं ने.'

दहा मिनिटांत कागदाचा फोटो आला. तोच कागद, घड्यांवर फाटलेला, चिकटपट्टी लावलेला. तो तसाच बहिणीला फॉरवर्ड केला आणि खाली लिहिलं : 'बीजिंग वेस्ट स्टेशन. सकाळची गाडी घे. तिकिटाला पासपोर्ट लागतो. सरांना आत्ताच, निघायच्या आधीच विचार. लॉबीतल्या मीटिंगपर्यंत थांबू नकोस.'