विश्लेषण : सेकंडहँड मोटर क्रूझर घेताय? इंजिनची ताकद किती हवी?

मुंबई बंदरात ४२४ नौका लावता येतील अशा मरिना प्रकल्पाला केंद्र सरकारने मान्यता दिली आहे. मांडवा-अलिबागच्या बाजूला बंगले घेणाऱ्यांची आणि समुद्रमार्गे ये-जा करणाऱ्यांची संख्याही वाढते आहे. त्यामुळे खासगी बोट हा विषय आता फक्त अतिश्रीमंतांपुरता उरलेला नाही. चार मित्र मिळून जुनी मोटर क्रूझर घेतात, होम-स्टे चालवणारे पाहुण्यांसाठी घेतात. बहुतेक जण आधी केबिन, सोफा आणि रंग पाहतात. मात्र समुद्रात बोट सुरक्षित परत येईल की नाही हे सर्वाधिक ज्यावर ठरते, ते इंजिन जमिनीखाली झाकलेले असते.

मोटर क्रूझर म्हणजे नक्की काय?

केबिन, झोपण्याची जागा, छोटे किचन आणि शौचालय असलेली इंजिनवर चालणारी बोट म्हणजे मोटर क्रूझर. तिची लांबी साधारण २५ ते ४५ फूट असते. ती स्पीडबोटीपेक्षा बरीच जड असते. म्हणूनच स्पीडबोटीला पुरणारे इंजिन क्रूझरला पुरेलच असे नाही.

‘ताकद पुरेशी’ हे कसे ठरते?

ते आधी बुडाच्या आकारावर ठरते. काही बोटी पाणी कापत जातात. त्यांच्या वेगाला निसर्गाचीच मर्यादा असते. पाण्याला टेकलेल्या भागाची लांबी फुटांत घ्यायची, तिचे वर्गमूळ काढायचे आणि १.३४ ने गुणायचे, की तो वेग नॉटमध्ये मिळतो. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. लांबी ३० फूट असेल तर हा वेग सुमारे ७.३ नॉट येतो. त्यापुढे कितीही मोठे इंजिन लावले तरी बोट स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढत राहते आणि डिझेल जळते. अशा बोटीला शांत पाण्यात टनामागे चार-पाच अश्वशक्ती पुरते. वारा आणि प्रवाह धरून सहा ते आठ ठेवावी.

दुसऱ्या प्रकारच्या बोटी वेग घेतला की पाण्यावर उचलल्या जातात आणि घसरत जातात. त्यासाठी टनामागे किमान ५० ते ५५ अश्वशक्ती लागते. म्हणजे पाच टनांची पहिल्या प्रकारची बोट ४० अश्वशक्तीत समाधानाने चालेल, तर त्याच वजनाच्या दुसऱ्या प्रकारच्या बोटीला २५०-३०० लागेल. बूड न पाहता ‘किती एचपी?’ एवढेच विचारणे म्हणूनच अपुरे आहे.

जाहिरातीतला आकडा आणि प्रत्यक्षातला आकडा

समजा, जाहिरातीत लिहिले आहे : वजन पाच टन, इंजिने १५०-१५० अश्वशक्तीची दोन. म्हणजे टनामागे ६०. कागदावर हे उत्तम आहे. पण पाच टन हे रिकाम्या बोटीचे वजन आहे. दहा माणसे म्हणजे ७०० किलो, ४०० लिटर डिझेल म्हणजे सव्वातीनशे किलोंहून अधिक. झाले सहा टन. त्यात जुन्या इंजिनांची ताकद २० टक्के घटली असेल तर ३०० चे २४० झाले. आता टनामागे उरतात फक्त ४०. ही बोट पाण्यावर नीट उचललीच जाणार नाही. नाक वर आणि शेपटी खाली अशा अवस्थेत ती रेटत राहील. चालवणाऱ्याला समोरचे दिसणार नाही आणि इंजिन तापेल.

आणखी एक मेख आहे. एकच इंजिन दोन आकड्यांनी विकले जाऊ शकते. थोडा वेळ देता येणारी कमाल ताकद वेगळी आणि तासन्‌तास देता येणारी ताकद वेगळी. ट्रकचे इंजिन सागरी वापरासाठी बदलून बसवले असेल तर हा फरक हमखास विचारावा. रस्त्यावर गाडीला उतार मिळतो, समुद्रात बोट सतत चढणच चढत असते.

मुंबईच्या पाण्यात याचा काय फरक पडतो?

मुंबई बंदरात उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीचा फरक पाच मीटरच्या आसपास जातो आणि प्रवाह दोन-तीन नॉटपर्यंत पोहोचतो. सात नॉटने चालणाऱ्या बोटीला दोन नॉटचा प्रवाह समोरून मिळाला तर प्रत्यक्ष वेग पाच नॉट, म्हणजे १० सागरी मैलांचा प्रवास दोन तासांचा. त्यात दुपारचे खारे वारे समोरून आले की हाही वेग घटतो. बोटीचा वेग फारच कमी झाला की सुकाणू नीट काम करत नाही आणि ती प्रवाह नेईल तिकडे सरकते. आजूबाजूला नांगरलेली मालवाहू जहाजे आणि मासेमारीची जाळी असतात. इथे राखीव ताकद ही चैन नसते. रोजच्या चालीला ७०-७५ टक्के ताकद वापरून उरलेली अडचणीसाठी ठेवता आली पाहिजे.

मग जितके मोठे इंजिन तितके बरे का?

नाही. डिझेल इंजिन पूर्ण ताकदीवर दर अश्वशक्तीमागे तासाला साधारण ०.२ लिटर इंधन घेते. म्हणजे ३०० अश्वशक्तीला तासाला सुमारे ६० लिटर, तर ४० ला आठ. शिवाय बोट बांधणाऱ्याने किती वजनाचे आणि ताकदीचे इंजिन चालेल ते ठरवलेले असते. मागे त्याहून जड इंजिन लावले तर तोल बिघडतो आणि मागचा भाग तडकू शकतो.

खरेदीआधी काय तपासायचे?

इंजिन थंड असतानाच पाहायला जा. विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी परत या. थंड इंजिन लगेच सुरू व्हायला हवे. काळा धूर राहिला तर इंजिनवर भार जास्त आहे किंवा हवा कमी मिळते आहे. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. पांढरा धूर थांबतच नसेल तर इंधन नीट जळत नाही किंवा कूलिंगचे पाणी आत शिरते आहे.

त्यानंतर समुद्रात चाचणी. तुमच्या नेहमीच्या संख्येइतकी माणसे आणि भरलेली टाकी घेऊन जा. पूर्ण थ्रॉटलवर इंजिनाने कंपनीने दिलेले कमाल आरपीएम गाठले पाहिजेत. ते २००-३०० ने कमी पडत असतील तर पंखा चुकीचा आहे, बुडाला शिंपले-शेवाळ धरले आहे किंवा इंजिन थकले आहे. पहिल्या दोन गोष्टी स्वस्तात सुटतात, तिसरी नाही. म्हणूनच बोट पाण्याबाहेर काढून स्वतंत्र सर्व्हेअरकडून तपासून घ्या. खारे पाणी कूलिंगचे पाइप आणि एक्झॉस्ट आतून खाते, ते वरून दिसत नाही. ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत तपासला तर त्यातल्या धातूच्या कणांवरून झीज कळते.

चाचणी कुठे करायची हेही महत्त्वाचे आहे. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात इंजिन चाचणी सुरू असलेल्या नौदलाच्या बोटीवरचे नियंत्रण सुटले आणि ती ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली. १५ जणांचा जीव गेला. प्रशिक्षित हातांत हे होऊ शकते, तर अनोळखी जुन्या बोटीचे थ्रॉटल फेरीच्या मार्गात पूर्ण उघडण्याचा मोह टाळलाच पाहिजे.

कागदपत्रांचे काय?

अंतर्देशीय जलवाहतुकीसाठी १९१७ च्या कायद्याच्या जागी २०२१ चा अंतर्देशीय जहाज कायदा आला. नोंदणी, सर्वेक्षण प्रमाणपत्र आणि चालवणाऱ्याची पात्रता या गोष्टी त्यात येतात. राज्यात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळ पाहते. इंजिनावरचा क्रमांक नोंदणीतल्या क्रमांकाशी जुळतो का, ते पाहा. इंजिन बदलले असेल आणि नोंद बदलली नसेल तर अपघातानंतर विम्याचा दावा अडकू शकतो.

थोडक्यात, बोट पाहताना तीन आकडे लिहून घ्या : भरलेल्या बोटीचे वजन, इंजिनची सतत मिळणारी ताकद आणि चाचणीत गाठलेले आरपीएम. विक्रेता यातला एकही द्यायला टाळाटाळ करत असेल तर किंमत कितीही आकर्षक असली तरी दुसरी बोट शोधा. गाडी बंद पडली तर रस्त्याकडेला थांबता येते. खोल पाण्यात उधाण असताना ती सोय नसते.